हातगुण

आमच्या टोळीत एक पद्धत होती. जड भार उचलायचा असला की आधी क्रेनच्या हुकाला शेंदूर लावायचा, दोन उदबत्त्या खोचायच्या आणि हुकाखाली नारळ फोडायचा. नारळाचं पाणी हुकावर शिंपडायचं, खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवायचा. मग जमादार तोंडात दोन बोटं घालून शिटी मारायचा आणि दोर गुंडाळून भार ओढणारी विंच सुरू व्हायची. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. पहिली भट्टी पेटली होती आणि आम्ही पुढच्या भट्टीच्या उभारणीवर, एका ठेकेदाराकडे, खलासी म्हणून कामाला होतो. खलासी म्हटलं की लोकांना बोट आठवते. आमचा समुद्राशी संबंध नव्हता. जड लोखंड तारेच्या दोरांनी बांधायचं, वर चढवायचं आणि जागेवर बसवायचं, हे आमचं काम.

या कामात डोक्यावर सतत काहीतरी लटकत असतं. जेवताना, पाणी पिताना, बिडी ओढताना माणूस मधूनच वर बघतो. मला ती सवय इतकी लागली, की आज इतक्या वर्षांनीही लग्नाच्या मांडवात बसलो तरी आधी वरचे बांबू कसे बांधलेत ते पाहतो. घरचे हसतात. हसू देत.

त्या हुकाखाली मी दीड वर्ष नारळ फोडले. ते मी फोडायला नको होते, हे मला पहिल्या नारळापासून माहीत होतं. तरी फोडले. आणि एका सकाळी फोडला नाही. आयुष्यात मी बरंच काही केलं, पण मला स्वतःची ओळख पटली ती त्या न केलेल्या गोष्टीमुळं.

मी भंडाऱ्याकडचा. आमची वस्ती गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडं. भिलाईला येण्याच्या आधी बाबा आणि मी नागपूरला जाऊन आलो होतो. पांढरे कपडे घालून त्या अफाट गर्दीत उभे राहिलो, दीक्षा घेतली, जुने देव सोडले. परत आल्यावर बाबांनी देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले आणि नदीला नेऊन सोडले. आई रडली, पण आडवी आली नाही. त्या दिवशी घेतलेल्या शपथांमध्ये बऱ्याच शपथा ‘करणार नाही’ अशा होत्या. मला तेव्हा त्या सोप्या वाटल्या. एखादी गोष्ट करायची नाही, यात अवघड ते काय, असं वाटण्याचं ते वय होतं.

भिलाईला आलो तेव्हा चहूकडं लाल मुरमाची धूळ होती. खेडी उठवलेली, झाडं तोडलेली, आणि मैलोन् मैल खणलेले खड्डे. लेबर कॅम्पात जमादारासमोर उभा राहिलो. जमादार पन्नाशीचा, गोंदियाकडचा कुणबी. आम्ही सगळे त्याला काकाजी म्हणायचो. त्यानं गाव विचारलं, मी सांगितलं. आडनाव विचारलं, सांगितलं. आमचं आडनाव असं आहे, की ते कुणब्यांतही सापडतं आणि आमच्यातही. जमादाराचा चेहरा खुलला. हा तर आपलाच निघाला, असं तो शेजारच्याला म्हणाला आणि मला एका गोंदियावाल्याच्या खोलीत जागा दिली.

मी खोटं बोललो नाही. मी फक्त त्याची चूक दुरुस्त केली नाही. मूग गिळून बसलो. पहिल्या दिवशी वाटलं, नंतर सांगू. आठवड्यानं वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणून विचारतील. महिन्यानं तो विषयच राहिला नाही. खोलीतला माझा जोडीदार माझ्याच वयाचा, बोलका, थट्टेखोर. भात तो टाकायचा, वरण मी करायचो. त्याच्या बायकोचं पत्र आलं की तो मला वाचून दाखवायचा आणि मधल्या दोन ओळी गाळायचा. माझ्या घरचं कार्ड आलं की मी ते उशाखाली दडवायचो. त्याला वाटायचं, माझंही कुठंतरी जमतंय.

खरं तर माझी पाचावर धारण बसलेली असायची. नागपूरकडून येणारी पॅसेंजर रोज नवी माणसं आणून टाकायची. कॅम्पात नवा चेहरा दिसला की मी आधी त्याचं गाव विचारून घ्यायचो. कोणी आमच्या भागातला निघाला तर चार दिवस त्याच्यासमोर जायचो नाही. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा माणसं दुसऱ्या साईटवर गेली आणि मी सुटलो. पण सुटल्यासारखं वाटलं नाही. आज नाही तर उद्या, एवढंच मनात यायचं.

नारळ माझ्या हातात आला तो जमादाराच्या सुतकामुळं. त्याचा चुलतभाऊ वारल्याचं कार्ड आलं आणि दुसऱ्याच दिवशी भार चढवायचा होता. सुतकात त्याला पूजा चालत नव्हती. टोळीत छत्तीसगढी होते, तेलुगू होते, दोघे पंजाबी होते. पण पूजा आपल्या माणसानं करावी असं त्याचं म्हणणं, आणि त्याचा माणूस मी. मला यातलं काही येत नाही, असं मी म्हणालो. नारळ फोडायला काय शाळा शिकावी लागते, असं विचारून त्यानं नारळ माझ्या हातात कोंबला.

एका घावात नारळाची दोन सारखी शकलं झाली. पाणी स्वच्छ निघालं. आणि त्याच दिवशी भट्टीचा एक पत्रा वर जाताना वाऱ्यानं फिरला आणि थेट माझ्या जोडीदाराच्या छातीवर आला. तो खाली, भार वळू नये म्हणून बांधलेला दोर धरून उभा होता. वीतभर अंतरावर पत्रा थांबला आणि मागं गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण संध्याकाळपर्यंत कॅम्पभर झालं की या पोराच्या हाताला गुण आहे.

सुतक फिटलं तरी जमादारानं नारळ परत घेतला नाही.

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं हे खरं आहे. आमच्या गावात देवळाच्या पायरीपर्यंत आम्ही कधी गेलो नव्हतो. इथं त्याच हाताला जमादार शेंदूर देत होता, आणि मी ठेवलेलं खोबरं माणसं कपाळाला लावून खात होती. मला मनातल्या मनात हसूही यायचं. आणि रात्री अंथरुणावर पडलो की ते हसू जायचं. यांना कळेल तेव्हा काय होईल, हे मला नीट माहीत होतं. एकदा फसवलेला माणूस मारतो, आणि देवाच्या नावानं फसवलेला तर मोजून मारत नाही.

त्या दिवसांत आजूबाजूच्या खेड्यांत एक बोलवा होती. एवढी मोठी भट्टी माणूस घेतल्याशिवाय पेटत नाही, पायात डोकं पुरावं लागतं, म्हणून साहेब लोक पोरं धरून नेतात. जवळच्या सुपेल्याच्या बाजारात आम्ही खांद्यावर पोती टाकून गेलो की बाया पोरांना पदराआड ओढायच्या. ज्यांची जमीन गेली होती त्यांना काहीही खरं वाटलं असतं, आणि त्यांना दोष तरी कसा देणार. आमची टोळी त्यांना हसायची. पण हसणाऱ्यांचाही विश्वास होताच. जमादार एकदा मला समजावून म्हणाला, “नारळ म्हणजे डोस्कंच समज. शेंडी हाय, डोये हायत. आपलं एक देऊन टाकलं की मंग ते दुसरं मांगत नाही.”

हे ऐकल्यापासून मला त्या पद्धतीची भीती वाटू लागली, आणि ती भीती देवाची नव्हती. माझ्या ध्यानात यायला लागलं होतं की नारळ फुटला की टोळी सैल पडते. डोकं देऊन झालं, आता कुणाला काही होत नाही, असं सगळे धरून चालायचे. आधी जमादार दर सकाळी तारेच्या दोरांवर चिंधी फिरवायचा. एखादी तार तुटून वर आली असेल तर चिंधी तिथं अडकते, आणि तो दोर बाजूला टाकायचा. माझा हातगुण आल्यापासून चिंधी हळूहळू सुटली. भाराखालून माणसं ये-जा करू लागली. माझा जोडीदार तर दोर लांब धरून बाजूला उभं राहायचं सोडून सरळ भाराखाली जायचा आणि हातानं भार सावरायचा. कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांपैकी एक त्याला पाहून डोक्यावर हात मारून ओरडला होता. जोडीदारानं त्यालाही खोबरं दिलं. त्यानं ते खाल्लं, मान हलवली आणि निघून गेला.

अशात बाबांचं कार्ड आलं. रविवारी येऊन राहिलो, म्हणजे येतोय, असं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं.

मी दुर्ग स्टेशनावर गेलो. बाबांना खोलीवर नेणं शक्य नव्हतं. ते कुणापासून काही लपवणारे नव्हते. जोडीदारानं आपुलकीनं दोन प्रश्न विचारले असते आणि त्यांनी खरी उत्तरं दिली असती. म्हणून खोलीत एकाला ताप आलाय, अशी थाप मारून मी त्यांना शिवनाथ नदीच्या काठी नेलं. आईनं लाखोरीची डाळ आणि घरचे तांदूळ पाठवले होते, ते त्यांनी माझ्यापुढं ठेवले. शिदोरीची भाकरी सोडून आम्ही एका झाडाखाली बसून जेवलो. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या बोटांकडं गेली.

नखात काय आहे, असं त्यांनी विचारलं. रंग आहे, लोखंडाला गंज लागू नये म्हणून लावतात, असं मी म्हणालो. त्यांनी माझा हात हातात घेतला, नखं पाहिली आणि हात सोडून दिला. त्यांना शेंदूर ओळखता येत नव्हता असं थोडंच होतं. साठ वर्षं त्यांनी तो पाहिला होता.

मी विषय बदलायला गावचं विचारलं. मेलेली ढोरं ओढायचं त्यांनी बंद केलं होतं, त्याला बरेच दिवस झाले होते. तेव्हापासून गावात कोणी त्यांना बांधावर उभं करत नव्हतं. मजुरीला चार कोस चालत जावं लागायचं. मी म्हणालो, मग आता काय करायचं ठरवलंय.

“काय करायचं, ते अजून मले समजून नाही राहिलं,” ते म्हणाले. “पण काय नाही करायचं, ते पक्कं हाय. तेवढ्यावर दिवस निघून राहिले.”

संध्याकाळच्या पॅसेंजरनं ते परत गेले. तुझी खोली दाखव, असं ते दिवसभरात एकदाही म्हणाले नाहीत. गाडी हलली तेव्हा मला याचा अर्थ लागला आणि मी फलाटावर उभा राहून रडलो. त्यांनी मला ओळखलं होतं आणि मला अवघड होऊ नये म्हणून न ओळखल्यासारखं केलं होतं.

तरी पुढच्या भाराला मी नारळ फोडला. माणूस एकदम शहाणा होत नाही. मी तर नाहीच झालो.

मग तो मोठा तुकडा आला. भट्टीच्या वरच्या अंगाचा, जाड पोलादी पत्र्याचा, आमच्या टोळीनं तोवर उचललेल्यातला सगळ्यात जड. आदल्या दिवशी दुपारी मी दोर काढून ठेवत होतो. एका दोराच्या फाशाजवळ माझ्या तळहातात काहीतरी टोचलं. वाकवून पाहिलं तर पाचसहा तारा तुटून वर आल्या होत्या, आणि आत गंज धरला होता. तो दोर किती दिवसांपासून तसा होता कोण जाणे. त्याच्याखाली आम्ही कितीतरी वेळा उभे राहिलो होतो.

मी दोर घेऊन जमादाराकडं गेलो. तो चहा पीत होता. त्यानं पाहिलं, अंगठ्यानं तारा दाबल्या, आणि म्हणाला की नवा दोर स्टोअरमधून यायला दोनतीन दिवस लागतील आणि साहेब तर उद्याच भार वर पाहिजे म्हणून मानगुटीवर बसलाय. मी म्हणालो, काकाजी, हा तुटेल. तो हसला. वाईट माणूस नव्हता तो. अगदी मनापासून हसला.

“उद्या नारळ तूच फोडशीन न?” तो म्हणाला. “मंग कायले भेऊन राहिला?”

दीड वर्ष मी ज्याला पोटापाण्याची लहानशी लबाडी समजत होतो, तीच आता दोराच्या जागी वापरली जाणार होती. माझ्या भरवशावर एवढं लोखंड हवेत जाणार होतं, आणि माझा भरवसा किती खोटा आहे हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी ठेकेदाराच्या इंजिनिअरकडंही गेलो. त्यानं कागदावरून मान वर केली नाही. जमादार से बोलो, म्हणाला.

संध्याकाळी जोडीदार भात टाकता टाकता गाणं गुणगुणत होता. बायकोला दिवस गेल्याचं पत्र आलं होतं त्याला. या वेळी त्यानं एकही ओळ गाळली नाही. मी वरण ढवळत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर सारखी तीच जागा येत होती, उद्या तो जिथं उभा राहणार होता ती. त्याला सांगून पाहिलं की उद्या लांब उभा राहा. तुझा नारळ असताना मला काय होतंय, असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

दोर चोरून फेकून द्यावा, असंही मनात आलं. पण एक गेला तर तसलाच दुसरा आला असता. माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे नारळ न फोडणं. त्यानं काही होईल याची खात्री नव्हती. मी वाचणार नाही, एवढी मात्र जवळजवळ खात्री होती.

सकाळी हुक खाली आला. शेंदूर लागला, उदबत्त्या लागल्या. टोळी गोल उभी राहिली आणि जमादारानं नारळ पुढं केला. मी हात मागं घेतले.

“मी नाही फोडत, काकाजी.”

“कावून?”

“मी बौद्ध हाय. नागपूरले दीक्षा घेतली. आमचं घर महारवाड्यातलं. आजपावतो फोडले, ते माह्यं चुकलं. आन् हा दोर तुटून राहिला. नारळानं तो सांधत नाही.”

विंचचं इंजिन नुसतं धडधडत होतं. मी मार खायला तयार होतो, पण कुणी पुढं आलं नाही. ते सगळे माझ्या हातांकडं पाहत होते. एकानं बाहीनं तोंड पुसलं. दीड वर्षाचं खोबरं असं पुसून निघणार होतं थोडंच. जमादाराचा चेहरा मात्र मला पाहवला नाही. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता.

त्यानं स्वतः नारळ फोडायला घेतला. पहिल्या घावात फुटला नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्याला चिरडला आणि पाणी मुरमात गेलं. खोबरं कुणी घेतलं नाही. दोर बदलू या, असं मागून कोणीतरी तेलुगू माणूस मोडक्या हिंदीत म्हणाला. जमादारानं ऐकलं नाही. आता दोर बदलणं म्हणजे माझं खरं मानणं होतं, आणि ते त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्यानं शिटी मारली आणि हाबीस म्हणून ओरडला. हाबीस म्हणजे वर घ्या.

भार जमिनीवरून सुटला. टोळी मागं मागं सरकत होती, कुणी न सांगता. रोज भाराखालून बिडी पेटवत जाणारी माणसं आज मुरमाच्या ढिगापर्यंत गेली. माझा जोडीदारही हातातला दोर जितका ताणला जाईल तितका लांब जाऊन उभा राहिला. तो भाराकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

भार दोन पुरुष उंचीवर गेला तेव्हा टण्ण असा बारीक आवाज झाला. मग दुसरा. विंचवाल्यानं ब्रेक दाबला, आणि त्या झटक्यानं दोर गेला. पत्रा कडेच्या बाजूनं उभा खाली आला आणि जमिनीत हातभर रुतला. धूळ इतकी उडाली की काही वेळ कुणालाच कुणी दिसत नव्हतं. आतून लोक एकमेकांना नावांनी हाका मारत होते, आणि एकेक ओ येत गेली. सगळ्यांची ओ आली. धूळ बसल्यावर मी पाहिलं, पत्रा बरोबर जोडीदाराच्या रोजच्या जागी रुतला होता.

आता कुणीतरी म्हणेल की चला, सगळे वाचले, असं मला वाटलं. पहिलं वाक्य जे मला ऐकू आलं ते होतं, यानं बाटवलं म्हणून पडलं.

नंतर सगळे तेच म्हणाले. ठेकेदारानं जमादाराला दुसऱ्या साईटवर हलवलं, गंजलेला दोर वापरल्याबद्दल. टोळीच्या मते तेही माझंच पाप. कॅम्पात मला पनवती म्हणू लागले. मारलं नाही कुणी. मला हात लावायलाही ते भीत होते, हे त्याचं कारण असावं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण भिलाईला आल्यापासून पहिल्यांदा नव्या माणसाला गाव विचारायची गरज उरली नाही, आणि त्या आठवड्यात मी बाबांना खोलीचा पत्ता लिहून पाठवला.

पत्रा पडला त्या दिवशी संध्याकाळी जोडीदार दारात बसून राहिला होता. चूल पेटलेली नव्हती.

“मी तिथंच उभा राहतो,” तो म्हणाला.

मी हो म्हणालो.

“आज नाही राहिलो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून नवा माठ आणला आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, विटांवर ठेवला. चूलही वेगळी मांडली. मनावर नको घेऊ, असं म्हणाला. घरी कळलं तर बायको नांदायची नाही, असंही म्हणाला. मी भांडलो नाही आणि खोलीही सोडली नाही. त्याला अवघड वाटत होतं, तर ते त्यानं रोज डोळ्यांनी पाहावं, मी कशाला ते सोपं करून द्यायचं, असा माझा हट्ट होता. आम्ही एका छताखाली दोन चुलींवर वर्षभर राहिलो.

पुढं एक गंमत झाली, पण तिचं हसू यायला वेळ लागला. नवा जमादार आला, नारळ पुन्हा सुरू झाले, मी त्या वेळी लांब जाऊन उभा राहायचो. पण भार उचलायच्या आधी एकेक जण हळूच माझ्याकडं यायचा. आज दोर कसा आहे, तू पाहिलास का, असं विचारायचा. माझ्या हातचं काही घ्यायचं नाही, पण माझा शब्द हवा. पहिले दोन दिवस मी पाहिलं आणि सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की यांनी आता माझाच नारळ केलाय. मी हो म्हटलं की हे पुन्हा भाराखाली जाऊन बिडी पेटवणार. मग मी सांगणं बंद केलं. चिंधी घ्या आणि स्वतः पाहा, म्हणालो. भाव खातो, माज आलाय, असं बरंच काही बोलून घेतलं त्यांनी. पण भीती मोठी होती, त्यामुळं चिंध्या निघाल्या.

त्यात माझा जोडीदारही होता. एका दुपारी तो दोरावर चिंधी फिरवत होता आणि ती अडकली. त्यानं जोरात ओढली आणि तुटलेल्या तारेनं त्याचा तळहात उभा चिरला. त्यानं हात तसाच ठेवून आधी तो दोर बाजूला फेकला आणि नव्या जमादाराला सांगितलं की आज हा भार उचलायचा नाही. जमादार चढ्या आवाजात बोलू लागला. जोडीदार नाही म्हणाला. परत नाही म्हणाला. तोवर त्याच्या हातातून रक्ताची धार लागली होती आणि मी माझा लोटा घेऊन त्याच्याजवळ पोचलो होतो.

तो क्षणभर थांबला. मग त्यानं हात पुढं केला. मी पाणी ओतलं, जखम धुतली, माझ्या दुपट्ट्याची पट्टी फाडून बांधली. तो माझ्या खांद्याला टेकून बसला होता आणि वेदनेनं त्याचे ओठ कोरडे पडले होते. लोट्यात अजून अर्धं पाणी होतं. मी तो खाली ठेवला. त्यानं लोट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग तो उठला आणि भर उन्हात पन्नास पावलं चालून टोळीच्या माठाकडं गेला.